कच्च्या लिंबांचा रविवार : चार टेबलं, चोवीस खेळाडू, एक पूल स्पर्धा

टेबलावरचे बॉल काठीने पॉकेटमध्ये घालायचा खेळ म्हणजे पूल. त्याच्या पार्लरमधली पहिलीवहिली स्पर्धा बहुतेकदा अशी ठरते. ३२ नावं, थेट बाद पद्धत, बेस्ट ऑफ थ्री (तीनपैकी दोन फ्रेम, म्हणजे डाव, जिंकेल तो पुढे), प्रवेश फी ५०० रुपये, पहिलं बक्षीस ८,००० रुपये. सकाळी दहाला सुरुवात होते. साडेबारापर्यंत १६ जण दोन किंवा तीन फ्रेम खेळून घरी गेलेले असतात. संध्याकाळी आठ हजार घेऊन जातो तो कुणीतरी बाहेरचा, ज्याला दुपारपर्यंत कुणी ओळखतही नव्हतं. पुढच्या महिन्यात तीच स्पर्धा पुन्हा जाहीर होते आणि नावं येतात अकरा.

मालक म्हणतो, लोकांना स्पर्धेची हौस नाही. हौस असते. पण ५०० रुपयांत दोन फ्रेम हा सौदा कुणालाच परवडत नाही. तेवढ्या पैशांत टेबल भाड्याने घेऊन मित्राबरोबर अडीच तास खेळता येतं. नवख्या, मध्यम आणि ‘रविवारपुरत्या’ खेळाडूंसाठी स्पर्धा घ्यायची असेल तर बक्षिसाची रक्कम मागाहून ठरवावी. त्याआधी दोन आकडे पक्के करावेत: प्रत्येकाला किमान किती फ्रेम मिळणार, आणि किती चांगल्या खेळाडूला दारातूनच परत पाठवायचं.

खालचं प्रकरण कुठल्या एका पार्लरचं नाही. पुण्या-मुंबईच्या उपनगरांत चार टेबलांच्या पार्लरमध्ये सर्वसाधारणपणे जे दिसतं, त्यावरून बांधलेला हा नमुना आहे. आठ फुटी चार टेबलं, त्यांतलं एक थोडं कललेलं. भिंतीवर वीस क्यू (खेळायच्या काठ्या), त्यांतल्या सरळ जेमतेम आठ. एक मार्कर, म्हणजे टेबलं आणि खेळ सांभाळणारा माणूस. एक रविवार. टेबलाचा दर ताशी २०० रुपये धरला आहे. तुमच्या भागातला दर वेगळा असला तर गुणाकार बदलेल, हिशोबाची रीत बदलणार नाही.

वेळेचं गणित आधी

एट-बॉलमध्ये एकाचे छोटे (१ ते ७) आणि दुसऱ्याचे मोठे (९ ते १५) बॉल; आपले संपवून आठ नंबरचा काळा घेईल तो जिंकला. नवख्यांची अशी फ्रेम सरासरी १२ मिनिटांची धरावी. मुरलेले खेळाडू ती सहा-सात मिनिटांत संपवतात. नवख्यांचं टेबल मात्र शेवटी अडतं, कारण दोघांचेही एकेक-दोनदोन बॉल कुशनला, म्हणजे टेबलाच्या रबरी कडेला, चिकटून बसलेले असतात आणि काळा कुणाच्याच हाताला लागत नाही. समसमान ताकदीच्या दोघांत बेस्ट ऑफ फाइव्ह सरासरी चार फ्रेमच्या किंचित वर जातो. म्हणजे ५० मिनिटं, आणि अदलाबदल, लॅग (सुरुवात कोण करणार हे ठरवायचा शॉट), पाणी यांची पाच. एका सामन्याला ५५ मिनिटं.

आता ३२ जणांची ‘दोनदा हरलात की बाद’ ही पद्धत घेऊन पाहा. पहिला पराभव झालेल्यांची वेगळी बाजू धरली तर ६२ किंवा ६३ सामने होतात. चार टेबलांवर ते साडेचौदा तासांचं काम आहे, तेही एक टेबल एक मिनिट रिकामं राहिलं नाही तर. अमेरिकेतल्या पत्रकांवरून ही पद्धत हौसेने उचलली जाते आणि रात्री अकरा वाजता उपांत्य फेरीचे खेळाडू जांभया देत बसतात.

म्हणून २४ खेळाडू, सहा गट, गटात चार. गटातला प्रत्येक सामना फक्त दोन फ्रेमचा, १-१ बरोबरी चालते. एका गटात सहा सामने, सहा गटांत ३६, प्रत्येकी ३० मिनिटं. एकूण १८ टेबल-तास, म्हणजे चार टेबलांवर साडेचार तास. प्रत्येकाच्या वाट्याला सहा फ्रेम नक्की.

सगळे गट एकदम सुरू करू नयेत, ही यातली खरी मेख. दोन गटांचे आठ खेळाडू चार टेबलांवर एकाच वेळी बसतात आणि तीन फेऱ्यांत, दीड तासात, त्यांचं गटाचं काम संपतं. त्यामुळे पहिल्या दोन गटांना दहाला बोलवावं, पुढच्या दोघांना साडेअकराला, शेवटच्या दोघांना एकला. चोवीस जण सकाळपासून भिंतीला टेकून उभे राहत नाहीत, टेबलाच्या मागे कोपर लागायची भीती नसते आणि मार्करला आठच चेहरे सांभाळायचे असतात. गटाचा टप्पा अडीचला संपतो. अर्धा तास जेवण आणि घसरलेल्या वेळापत्रकाची भरपाई.

दुपारी तीनपासून दोन बाद फेऱ्या. गटातले पहिले दोघे मुख्य फेरीत, उरलेले दोघे दुय्यम फेरीत. दोन्हीकडे १२-१२ खेळाडू, ११-११ सामने. मुख्य फेरी बेस्ट ऑफ फाइव्ह, दुय्यम बेस्ट ऑफ थ्री, ज्याला ३५ मिनिटं लागतात. ३:०० ला दुय्यमचे चार सामने, ३:३५ ला मुख्यचे चार, ४:३० ला पुन्हा दुय्यम, ५:०५ ला पुन्हा मुख्य, ६:०० ला दोन्हीकडच्या उपांत्य फेऱ्या शेजारीशेजारी. दुय्यमचा अंतिम सामना पावणेसातच्या आत सुरू होतो. मुख्य अंतिम सामना बेस्ट ऑफ सेव्हन, सातला. सव्वाआठला बक्षीस. गटात सगळे सामने हरलेल्या माणसालाही दिवसभरात किमान आठ फ्रेम मिळतात.

बारा जणांच्या बाद फेरीत चौघांना पहिली फेरी खेळावी लागत नाही. मुख्य फेरीत गटविजेते सहा, मोकळ्या जागा चार. कोणत्या गटविजेत्याने जास्त फ्रेम जिंकल्या हे पाहून त्या देण्याचा मोह होतो, पण ते करू नये. एखाद्या गटात एकजण आलाच नाही तर तिथल्या प्रत्येकाला दोन फ्रेम फुकट मिळालेल्या असतात आणि मग गटागटांतली तुलनाच खोटी ठरते. सहा गटविजेत्यांच्या चिठ्ठ्या टाकाव्यात, सर्वांसमोर. दुय्यममध्ये त्याच रीतीने, गटात तिसरे आलेल्या सहांमधून.

कोण कच्चा, कोण पक्का

भारतात स्पर्धात्मक पूल भारतीय बिलियर्ड्स आणि स्नूकर महासंघाच्या छत्राखाली खेळला जातो, पण पार्लरमध्ये संध्याकाळी खेळणाऱ्या माणसाला तिथे काही मानांकन नसतं. अमेरिकेत याचं उत्तर दोन प्रकारे सापडलेलं आहे. एपीए ही तिथली हौशी खेळाडूंची मोठी लीग एट-बॉलमध्ये खेळाडूंना २ ते ७ अशी पातळी देते आणि पातळीनुसार जिंकायच्या फ्रेम बदलते; ७ चा खेळाडू २ च्या समोर आला तर त्याला सात फ्रेम जिंकाव्या लागतात, समोरच्याला दोन. दुसरं फार्गोरेट, ही खेळाडूंना गुण देणारी मानांकन पद्धत. त्याचं मोजमाप सुटसुटीत आहे: दोघांत १०० गुणांचं अंतर असेल तर वरचा खेळाडू दोन फ्रेम जिंकेल तेव्हा खालचा एक. २०० चं अंतर म्हणजे चारास एक. खेळाडूच्या २०० फ्रेमची नोंद होईपर्यंत त्याचा आकडा तिथे पक्का मानला जात नाही.

हे मोजमाप इथे जसंच्या तसं लावता येणार नाही, पण त्यातून एक धडा घेता येतो. समजा एखाद्याचा खेळ समोरच्यांच्या बरोबरीचा आहे आणि त्याने तीन स्पर्धांत २४ फ्रेम खेळल्या. सरासरीने तो १२ जिंकेल. पण निव्वळ योगायोगाने दहाच्या खाली किंवा चौदाच्या वर जाणं अगदी नेहमीचं आहे. एका रविवारी सात फ्रेम जिंकला म्हणून कुणाला वरच्या वर्गात ढकलायचं, आणि दोनच जिंकला म्हणून खाली आणायचं, हे दोन्ही अंधारात नेम धरण्यासारखं आहे. वही ठेवावी, प्रत्येक फ्रेम लिहावी, निर्णय सहा महिन्यांनी घ्यावा.

तोपर्यंत वर्ग कसा ठरवायचा? मार्करला विचारून. हा माणूस रोज बारा तास टेबलाशेजारी उभा असतो. कोण हातचं राखून खेळतो, कोण पैज लागली की वेगळाच खेळतो, कोण दाखवतो तितका भोळा नाही, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत नसतं. त्याच्याकडून तीन ढीग करून घ्यावेत: क, ख, ग. ग म्हणजे ज्याला एका पाळीत दोन बॉल लागले की आनंद होतो. ख म्हणजे सोपी मांडणी मिळाली तर चार-पाच घेणारा. क म्हणजे ज्याला पांढरा (क्यूने मारायचा बॉल) कुठे थांबवायचा याची समज आहे, पण काळ्याशी पोचता पोचता चुकतो. याच्या वरचा या स्पर्धेचा नाही.

अनोळखी नावांसाठी छोटी चाचणी. शनिवारी संध्याकाळी पाच रॅक, म्हणजे त्रिकोणात लावलेले बॉल पाच वेळा. ब्रेक (तो त्रिकोण फोडणारा पहिला शॉट) झाल्यावर पांढरा हवा तिथे ठेवून कोणताही बॉल कोणत्याही क्रमाने घ्यायचा, पहिल्या चुकीला थांबायचं. पाच वेळची सरासरी चारच्या आत असेल तर निर्धास्त घ्यावं; सात किंवा जास्त असेल तर नम्रपणे नाही म्हणावं. मधल्यांना क मध्ये टाकावं. ही चाचणी मुद्दाम वाईट देता येते, हे उघड आहे. म्हणून चाचणी घेताना किती बॉल गेले यापेक्षा उभं राहण्याची ढब बघावी. पायांची ठेवण, क्यूचा सरळ प्रवास आणि शॉटनंतर न हललेलं डोकं या गोष्टी माणसाला लपवता येत नाहीत. बॉल चुकवता येतो, सवय चुकवता येत नाही.

आपल्याकडे एक खास पेच आहे तो स्नूकरचा. या खेळाचं मूळच १८७५ सालच्या जबलपूरच्या छावणीत सांगितलं जातं आणि जिमखान्यांमधून तो पिढ्यान्‌पिढ्या खेळला गेला आहे. त्यामुळे ‘मी पूल कधी खेळलेलोच नाही’ असं अगदी खरं सांगणारा माणूस बारा फुटी टेबलावर, ५२.५ मिलिमीटरच्या बॉलने, गोलाई घेतलेल्या अरुंद पॉकेटमध्ये वर्षानुवर्षं नेम धरत आलेला असू शकतो. त्याला ५७ मिलिमीटरचा बॉल आणि आठ फुटी टेबल म्हणजे अंगणच. प्रवेश अर्जात म्हणून एक ओळ हवी: स्नूकरमध्ये आजवरचा सर्वांत मोठा ब्रेक (तिथे ब्रेक म्हणजे एका पाळीतले गुण) किती? २५ किंवा वर असेल तर प्रवेश नाही.

स्पर्धा सुरू झाल्यावर कुणी भारी निघाला तर त्याला मध्येच काढू नये. चूक आयोजकांची, शिक्षा त्याला कशाला? नियम आधीच छापलेला असावा: पहिले दोन क्रमांक पुढच्या दोन स्पर्धांत खेळणार नाहीत, आणि ज्याने दिवसभरात दोनदा एकाच पाळीत सहा किंवा जास्त बॉल घेतले तो पुढच्या वेळी वरच्या वर्गात.

फ्रेमची सूट

गटात सूट ठेवू नये. त्याऐवजी प्रत्येक गटात एक क, दोन ख, एक ग असा मेळ घालावा. दुय्यम फेरीत आपोआपच सारख्या ताकदीचे लोक जमतात, तिथेही गरज नाही. सूट लागते ती मुख्य फेरीत.

ती किती द्यावी, हे अंदाजाने ठरवलं की भांडणं होतात. वरचंच मोजमाप लावून पाहू. दोन फ्रेमला एक फ्रेम इतकं अंतर असलेले दोघे बेस्ट ऑफ फाइव्ह खेळले तर वरचा खेळाडू ७९ टक्के वेळा जिंकतो. वरच्याला तीन आणि खालच्याला दोनच फ्रेम लागतील असं केलं तर ५९ टक्के. वरच्याला चार, खालच्याला दोन केलं तर ४६ टक्के, म्हणजे आता पारडं किंचित खालच्याकडे झुकलं. अंतर त्याच्या निम्मं, पन्नास गुणांचं, असेल तर सूट नसताना ६६ टक्के आणि तीन-दोन केल्यावर ४५ टक्के. यावरून साधा तक्ता निघतो: शेजारच्या वर्गांत, म्हणजे क विरुद्ध ख किंवा ख विरुद्ध ग, तीन-दोन, क विरुद्ध ग असेल तर चार-दोन. चार-दोनमध्येही जास्तीत जास्त पाचच फ्रेम होतात, त्यामुळे वेळापत्रक हलत नाही. अंतिम सामन्याला सूट ठेवावी की नाही यावर दोन मतं असतात. ठेवावी. सकाळपासून एक नियम आणि संध्याकाळी दुसरा, हे बरोबर दिसत नाही.

एक पानी नियम

दर पार्लरचे घरचे नियम वेगळे. कुठे फाऊलनंतर दोन शॉट, कुठे पांढरा ब्रेकच्या रेषेमागूनच, कुठे काळा ठरावीक पॉकेटमध्येच, कुठे ब्रेकवर काळा गेला की फ्रेम जिंकली. स्पर्धेतले निम्मे वाद यातून उठतात आणि दोघेही आपापल्या परीने प्रामाणिक असतात. म्हणून नियम मराठीत एका पानावर, शनिवारी रात्री व्हॉट्सअॅप ग्रुपवर आणि रविवारी प्रत्येक टेबलाशेजारी चिकटवलेले.

पाया आंतरराष्ट्रीय नियमांचाच ठेवावा, तीन बदल करून. फाऊल झाला की पांढरा हातात, टेबलावर कुठेही. रेषेमागचा आग्रह फक्त ब्रेकवरच्या फाऊलला. या नियमाने नवख्यांच्या फ्रेम लवकर संपतात, हा त्याचा वेळापत्रकाला होणारा उपकार. ब्रेकनंतर टेबल खुलं. छोटे की मोठे हे ब्रेकनंतरचा पहिला नियमाप्रमाणे घेतलेला बॉल ठरवतो. ब्रेकवर काळा गेला तर तो पुन्हा जागेवर, फ्रेम पुढे चालू. काळा घेताना पांढराही गेला तर फ्रेम गेली. पण काळ्यावर नेम धरताना काळा राहिला आणि पांढरा गेला तर तो साधा फाऊल. हे शेवटचं वाक्य ठळक अक्षरांत छापावं, कारण बहुतेक पार्लरमध्ये इथेच फ्रेम गेली असं मानतात.

पहिला बदल: कोणता बॉल कोणत्या पॉकेटमध्ये हे फक्त काळ्यासाठी सांगायचं. बाकी फ्लूक, म्हणजे नशिबाने गेलेला बॉल, चालतो. या पातळीवर दर शॉटला पॉकेट बोलायला लावलं की ‘मी हाच म्हटलो होतो’ ही रड सुरू होते. दुसरा बदल: क्यूने फक्त पांढऱ्याला नकळत स्पर्श झाला तर फाऊल. बाहीला किंवा हाताला लागून दुसरा बॉल हलला तर समोरचा ठरवेल, तो परत ठेवायचा की आहे तिथे राहू द्यायचा. पंच प्रत्येक टेबलावर नसतो तेव्हा हेच परवडतं.

आणि तिसरा बदल: पांढऱ्याने उडी मारायचा शॉट बंद. नवखा माणूस पांढऱ्याच्या खाली क्यू घालून तो उचलतो. नियमाने तो फाऊल आहेच, शिवाय कापड फाटतं ते मालकाचं.

‘पांढरा आधी आपल्या बॉलला लागला की त्याच्या?’ या वादाला एकच औषध. दोन बॉल जवळजवळ असतील तर शॉटच्या आधी मार्करला बोलवायचं. नंतर बोलावलं तर शॉट मारणाऱ्याचा शब्द खरा. दोन-तीन फ्रेम गेल्या की समोरचा खेळाडू आपणहून हात वर करायला शिकतो.

ब्रेक आळीपाळीने. जिंकणाऱ्यानेच ब्रेक करायचा ही रीत वरच्या पातळीवर रंगत आणते, इथे ती एकाला खुर्चीत बसवून ठेवते. रॅक ब्रेक करणाऱ्याने स्वतः लावायचा: टोकाचा बॉल खुणेवर, काळा तिसऱ्या ओळीच्या मध्यात, मागच्या दोन कोपऱ्यांत एक छोटा एक मोठा. समोरच्याने सैल रॅक लावला ही तक्रार मग उरत नाही.

शनिवारची संध्याकाळ

टेबलं आधी. लांब कुशनला समांतर बॉल अगदी हळू सोडून पाहावा, दोन्ही बाजूंनी आणि दोन्ही कर्णांवर. शेवटी तो एका बॉलच्या रुंदीपेक्षा जास्त ढळत असेल तर पायाखाली पातळ पत्रा किंवा पुठ्ठ्याच्या पट्ट्या सरकवाव्यात, एकेक करून, दर वेळी पुन्हा बॉल सोडून. तरीही जमलं नाही तर ते टेबल दुय्यम फेरीला द्यावं आणि तसं सांगून टाकावं. सगळ्यांना सारखंच वाकडं असेल तर फारसं कुणी कुरकुरत नाही. कापड एकाच दिशेने ब्रश करून मग व्हॅक्यूम, उलटसुलट घासलं की खडूची भुकटी आत रुतते.

बॉल हा सर्वांत दुर्लक्षित भाग. पूलचा बॉल ५७.१५ मिलिमीटरचा. पण पार्लरमध्ये पांढरा हरवतो, फुटतो, बदलला जातो आणि जुन्या संचात नवा पांढरा येऊन बसतो. दिवसातून सर्वांत जास्त मार खाणाराही तोच, म्हणून झिजतोही आधी. तपासायला साधी युक्ती: दोन रंगीत बॉलच्या मध्ये पांढरा चिकटून ठेवायचा आणि वर स्टीलची पट्टी टेकवायची. पट्टी डुगडुगली तर पांढरा मोठा, मधून उजेड दिसला तर लहान. लहान पांढऱ्याने मारलेला बॉल अपेक्षेपेक्षा वेगळ्या कोनात निघतो आणि खेळाडू दिवसभर स्वतःच्या नेमाला दोष देतो. चार टेबलांचे मिळून ६४ बॉल कोमट पाण्यात थोडा सौम्य साबण घालून धुवावेत, लगेच कोरडे पुसावेत.

क्यू टेबलावर लोळवून सरळ कोणत्या ते पाहावं. प्रत्येक टेबलाला किमान तीन सरळ क्यू हव्यात. नसतील तर खेळाडूंना आपापल्या आणायला सांगावं. ज्यांच्या टिप (टोकाच्या चामडी चकत्या) चकचकीत, चपट्या झाल्या आहेत त्या कानशीने खरवडून गोल कराव्यात. नवी टिप बसवायची तर शनिवारीच, डिंक रात्रभर बसू द्यावा. रविवारी सकाळी फेविक्विकने घाईत चिकटवलेली टिप तिसऱ्या ब्रेकला उडते. दर टेबलाला दोन खडू, एक रेस्ट (लांबच्या शॉटला क्यू टेकवायचा आधार).

पावसाळ्यात यात एक भर पडते. जून ते सप्टेंबर कापड ओल धरतं, बॉल जड चालतो, कुशनवरून कमी परततो. सकाळी दहाला खेळणाऱ्यांचं टेबल आणि एसी-पंखे तीन तास चालल्यावर एकला खेळणाऱ्यांचं टेबल ही दोन वेगळी टेबलं असतात. म्हणून त्या महिन्यांत दिवे आणि एसी साडेआठलाच सुरू करावेत. वीज गेली तर इन्व्हर्टरवर कोणत्या टेबलांचे दिवे चालतात हे आधी पाहावं आणि संध्याकाळचे सामने तिथेच लावावेत.

पैसे

२४ जणांचे प्रत्येकी ५०० म्हणजे १२,००० रुपये. चार टेबलं सव्वादहा तास म्हणजे ४१ टेबल-तास, पूर्ण दराने ८,२०० रुपये. एवढे दिले तर स्पर्धाच उरत नाही. मालकाशी ५,००० ला ठरवावं. रविवार हा त्याचा कमाईचा दिवस असल्यामुळे तो सहज कबूल होत नाही आणि त्यात त्याचं चूक नाही. त्याला दाखवायचा आकडा वेगळा: कामाच्या दिवशी सकाळी अकरा ते पाच त्याची टेबलं किती रिकामी असतात. दुय्यम फेरीची बक्षिसं त्या वेळेतल्या टेबल-तासांच्या रूपात घेतली तर त्याचा खिसा हलत नाही आणि माणूस पुन्हा पायरी चढतो.

मार्करला दिवसाचे जादा १,०००. खडू, टिप, छपाई ७००. प्रमाणपत्रं ३००. उरले ५,०००: पहिला १,५००, दुसरा १,०००, उपांत्य फेरीत हरलेल्या दोघांना ६००-६००, दुय्यमचा विजेता ८००, उपविजेता ५००. दुय्यमचे दोघे टेबल-तास घ्यायला तयार असतील तर १,३०० रुपये पुढच्या वेळेसाठी शिल्लक. बक्षिसं अशी बसकी ठेवण्याला कारण आहे. दीड हजारासाठी शहराच्या दुसऱ्या टोकाहून हातचं राखणारा कुणी येत नाही. आठ हजारांसाठी येतो.

फी नावनोंदणीबरोबर यूपीआयने. शुक्रवार रात्रीपर्यंत नाव मागे घेतलं तर परत, नंतर नाही. प्रतीक्षा यादीत जवळ राहणारे चार जण ठेवावेत. पंधरा मिनिटं उशीर झाला तर पहिली फ्रेम गेली, पंचवीस मिनिटं झाली तर सामना गेला, आणि हा नियम पहिल्याच गटात, पहिल्याच माणसाला लावावा. तो आयोजकाचा मित्र असला तर उत्तमच.

बाजूच्या पैजा हा विषय मिटवून टाकावा. महाराष्ट्रात लागू असलेला १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा निव्वळ कौशल्याच्या खेळाला वगळतो, पण कोण जिंकेल यावर प्रेक्षकांनी लावलेले पैसे म्हणजे कौशल्याचा खेळ नव्हे. अमेरिकेत स्पर्धेआधी खेळाडूंचा लिलाव करून बोली लावण्याच्या प्रकाराला ‘कलकत्ता’ म्हणतात; नाव आपल्याकडचं असलं तरी प्रथा तिकडेच राहू द्यावी. पार्लरचं नाव एकदा खराब झालं की पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांचे आईबाप आणि नव्याने खेळायला लागलेल्या मुली, दोघेही परत येत नाहीत. धूम्रपान बंद आणि स्वच्छ स्वच्छतागृह या दोन गोष्टींचा नावनोंदणीवर बक्षिसापेक्षा जास्त परिणाम होतो.

दुपारी काय बिघडतं

पहिली घसरण साधारण बाराच्या सुमारास दिसते. एका टेबलावर दोघेही जपून खेळणारे भेटतात आणि तीस मिनिटांत एकच फ्रेम होते. यासाठी घंटा ठेवावी. २५ व्या मिनिटाला घंटा. त्यानंतर दोघांना तीन-तीन पाळ्या, मग ज्याचे कमी बॉल उरले त्याची फ्रेम. सारखेच उरले तर काळा खुणेवर, पांढरा रेषेमागे हातात, आळीपाळीने तीन-तीन प्रयत्न. बाद फेरीत ६५ मिनिटांनंतर नवी फ्रेम सुरू झाली तर ती शेवटची, आणि सूट धरून ज्याला कमी फ्रेम उरल्या तो पुढे. शेवटी दोघांनाही सारख्याच फ्रेम उरल्या तर तोच काळ्याचा खेळ. गटात दोघांच्या फ्रेम सारख्या झाल्या तर आधी आपसातला सामना बघावा, तोही १-१ असेल तर पुन्हा काळा.

दुसरं, काळ्याभोवतीची कोंडी. दोघांपैकी कुणीही तो हलवायला तयार नसतो. तीन-तीन पाळ्यांत काही बदललं नाही तर रॅक पुन्हा, आधी ज्याने ब्रेक केला होता त्यानेच.

तिसरं, बाजूचे गुरुजी. खुर्चीत बसून ‘अरे, बारीक मार, खालून मार’ सांगणारे. पहिल्या वेळी समज, दुसऱ्या वेळी ज्याला सांगितलं त्याच्यावर फाऊल. गुरुजींवर कारवाई करता येत नाही, शिष्य मात्र त्यांना लगेच गप्प करतो.

चौथं आणि सर्वांत महाग: दुय्यम फेरीतले लोक निघून जातात. एकला खेळून हरलेला माणूस अडीचला निघाला की तीनला फोन उचलत नाही. पहिल्या दोन गटांना तर साडेअकरा ते तीन मोकळा वेळ असतो. म्हणून गट संपताक्षणी, टेबलावरून हलायच्या आत, प्रत्येकाच्या हातात पुढच्या सामन्याची वेळ आणि टेबल लिहिलेली चिठ्ठी द्यावी. फळ्यावर लिहिणं पुरेसं नाही. दुय्यमच्या चिठ्ठीवर बक्षीसही लिहावं. गटात सहाच्या सहा फ्रेम हरलेला माणूस तीनला परत आला आणि त्याने तिथे एक सामना जिंकला, तर पुढच्या महिन्यात पहिलं नाव त्याचंच येतं.